खाटेखालचा कॅन

आखातात मरीनाचं खोदकाम चाललं होतं, तेव्हा अल क्वोजच्या लेबर कॅम्पात माझ्या खोलीवर एक वेल्डर होता. बेल्जियममध्ये बिअर मुद्दाम वर्षभर आंबवतात, असं साइटवरच्या इंजिनीयरने त्याला सांगितलं होतं. कॅम्पात दारूला बंदी, तरी याने माल्ट आणि यीस्ट घालून एक कॅन खाटेखाली ठेवला. दर शुक्रवारी झाकण काढून वास घ्यायचा. कधी प्यायची, विचारलं की म्हणायचा, "अजून थोडं थांबू." गावी कधी जाणार, यालाही हेच उत्तर.

वर्ष उलटल्यावर कॅम्प बॉस तपासणीला आला. "ये क्या है? यल्ला, खोलो!"

"सिरका है साब, अचार के लिए." लोणच्याचं व्हिनेगर म्हणून याने ग्लासभर काढून, तोंड वाकडं न करता पिऊन दाखवलं.

बॉस गेल्यावर मी विचारलं, "कशी झालीय बिअर?"

"खरंच सिरका झालाय," तो म्हणाला. मग झाकण घट्ट लावून त्याने कॅन परत आत सरकवला. "अजून थोडं थांबू."