तोरणाखालची मोटार

"गाडी कवा चालन, हे मले इचारू नका, आज काय झालं, थे इचारा."

नत्थुजीचं हे वाक्य साऱ्या गावाला पाठ होतं. पण ते ऐकून खरोखर दुसरा प्रश्न विचारणारा माणूस एकच होता, त्याचा धाकटा भाऊ भगवंत. बाकीचे पहिलाच विचारत. पहिल्यात गंमत होती.

दोघा भावांचा मळा परतवाड्याच्या वाटेवर होता. विहिरीभोवती संत्र्याची झाडं, मध्ये वांगी आणि मेथी, बांधाला झेंडू. पहाटे मोट, दिवसभर निंदण-खुरपण, बाजाराच्या दिवशी परतवाडा. अशा माळ्याच्या घरात मोटार येण्याचं काही कारण नव्हतं. ती आली एकतीस साली, आणि तीही बैलांनी ओढत आणली.

मोटार वामनराव पाटलांच्या वडिलांची. त्यांनी ती हौसेनं अमरावतीहून आणली, तीन वर्षं मिरवली आणि एका पावसाळ्यात नाल्यात घातली. तेव्हापासून ती पाटलांच्या गोठ्यात कडब्याखाली पडून होती. नत्थुजी पाटलांकडे संत्र्याची कलमं लावायला गेला होता. कडब्यातून एक कोंबडी फडफडत उडाली, म्हणून त्यानं पेंढ्या बाजूला केल्या, तर आतून पितळी दिव्याचा एक डोळा त्याच्याकडे बघत होता. कलमांची मजुरी म्हणून त्यानं ती मोटारच मागितली.

पाटील चारचौघांत हसले. "ने बाप्पा, जागा तरी मोकळी होईन. अन् चालू केली तुनं, त पोळ्याले माह्या जोडीच्या पुढं तोरणाखालून काढ. त्या वर्सी मान तुहा. दिला शब्द!"

पाटलांनी शब्द थट्टेत दिला, नत्थुजीनं तो खरा मानून घेतला. पोळ्याला तोरणाखालून पहिली जाते ती पाटलांची जोडी. माळ्यांचे बैल रांगेच्या शेवटी, पुढच्यांनी तुडवलेल्या चिखलात. हे गाव वसल्यापासूनचं होतं, आणि त्याबद्दल नत्थुजी कधी काही बोलला नव्हता.

दोन हिवाळे त्यानं परतवाड्याच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनाला तेल घालण्याचं काम केलं होतं. तेवढीच त्याची विद्या. सारी मोटार त्यानं खोलली आणि पोत्यांवर मांडली, तेव्हा ती मोटार न दिसता एखाद्या मेल्या जनावराची हाडं वाटली. तिच्याकडे सबंध बघितलं की त्याचा हात कुठल्याच कामाला लागत नसे. म्हणून त्यानं ठरवलं, सबंध बघायचंच नाही. रोज एक काम. एक नट सोडवायचा, एक नळी फुंकायची, एक पत्रा ठोकायचा. दिवेलागणीला भगवंत गोठ्यात येई, उंबऱ्यावर बसे आणि विचारी, "दादा, आज काय झालं?" आणि नत्थुजी जे झालं असेल ते सांगे. ते सांगता यावं म्हणून दुसऱ्या दिवशी काहीतरी करणं भाग पडे.

घर काही थांबलं नव्हतं. मोटारीला लागलेल्या सात वर्षांत नत्थुजीच्या बहिणीचं लग्न झालं, गारपिटीनं एक बहार झोडपला, विहिरीचा एक काठ खचला. त्याची बायको दुर्गाबाई गंजके नट चिंचेच्या कोळात भिजत घाली आणि बडबडे, "भाजीले चिंच पुरत नाई, अन् या सवतीच्या आंघोयीले बराबर पुरते!" पहिल्या हिवाळ्यात नत्थुजीनं तिच्या अंथरुणातली गोधडी उचलून इंजिनावर पांघरली, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच त्या गोधडीला फाटल्या जागी ठिगळ लावून दिलं. बसायच्या गाद्यांना जुन्या मोटेचं कातडं लावलं. चौथ्या वर्षी थोरला पोरगा विषमज्वरानं सहा आठवडे अंथरुणाला खिळला. तेव्हाही भगवंत संध्याकाळी उंबऱ्यावर येऊन बसला आणि भीत भीत विचारता झाला. नत्थुजी म्हणाला, "आज एक बोल्ट पुसला." दुसऱ्या दिवशीही एकच बोल्ट पुसला. सहा आठवडे रोज एकेक बोल्ट पुसत त्यानं पोराला आणि मोटारीला दोघांनाही धरून ठेवलं.

भगवंताला तो सारं सांगे, दुर्गाबाईला न सांगितलेलंही. आपण इंजिनाच्या कानाशी लागून "बोल ना वं माये" म्हणतो, हे सांगितलं. ज्या दिवशी पिस्टन तडकला त्या दिवशी कडब्यात तोंड खुपसून रडलो, हेही सांगितलं. सांगताना तो हातातलं फडकं बघत राही.

त्याच्या बदल्यात भगवंत त्याला आपल्या झडत्या ऐकवी. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की माणसं एकमेकांवर खोचक ओळी म्हणतात, त्या झडत्या. भगवंताच्या झडतीला चार गावांत जोड नव्हती. लोकांना वाटे, त्याला त्या उभ्या उभ्या सुचतात. त्याची एक झडती महिना महिना मोटेच्या फेऱ्यांबरोबर शिजे, हे फक्त नत्थुजीला ठाऊक होतं. ऐकताना तो मांडीवर बोटानं ताल धरी. बोट अडखळलं की भगवंत समजे, ओळ लंगडी आहे.

सातव्या वर्षी उन्हाळ्यात मोटार अंगणात धूर सोडत चार हात पुढे सरकली आणि थांबली. दुर्गाबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आता एकच खोड उरली होती. पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तोटीचे आटे झिजले होते. नत्थुजीनं ते सूत गुंडाळून आणि साबण लावून बंद केले होते, पण त्याचा त्यावर भरवसा नव्हता.

"सुताचा एखादा धागा नयीत गेला, का झालं, बंद पडन थे," तो म्हणाला. "भगवंता, तू कोबीचं बी आनाले अकोल्याले जाऊन रायला ना? मोर्णेच्या पलीकडं, जुन्या शहरात, भंगारवाल्यांची अख्खी गल्ली हाये. तेवढी तोटी पाय."

भगवंत आषाढात अकोल्याला गेला. बी घेतलं. पुलापर्यंत आला. मोर्णा गढूळ पाण्यानं भरून वाहत होती. आणि पुलाच्या तोंडाशी त्याला एक ओळ सुचली.

*चार चाकांची नवरी नत्थुजीनं आनली.*

ओळ अशी आली की तिला हलवणं नको वाटलं. तो कठड्याशी बसला. दुसरी ओळ आली, तिच्यात गोधडी होती. तिसरीला कान, चौथीला कडबा. माणसं, गाढवं, भाजीच्या हातगाड्या पुलावरून गेल्या, तो पाण्याकडे बघत ओठ हलवत राहिला. भानावर आला तेव्हा गाडीची वेळ झाली होती. त्यानं पूल ओलांडलाच नाही.

घरी येऊन म्हणाला, "नाई भेटली, दादा. लय पायलं."

"होय," नत्थुजी म्हणाला. "जुनी चीज हाये."

त्यानंतरही भगवंत रोज उंबऱ्यावर बसून विचारत राहिला. नत्थुजी सांगत राहिला. एकदा त्यानं उलट विचारलं, "औंदा झडती नाई ऐकवली रे?"

"औंदा काई सुचून नाई रायलं."

ती त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली झडती होती. अडचण तीच होती. वाईट असती तर त्यानं ती विहिरीत टाकली असती. त्यानं स्वतःशी करार केला: मोटार चालली, तर झडती गिळून टाकायची. करार त्याला न्यायाचा वाटला. पण त्या करारानं आपण मोटार न चालण्याच्या बाजूला जाऊन उभे राहिलो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल.

पोळा उजाडला. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. आखरावर, गावाच्या मोकळ्या मैदानावर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. वामनराव पाटलांना शब्द आठवत नव्हता, पण गावाला आठवत होता. त्यांनी हसून आपली जोडी मागे घेतली. नत्थुजी धुतलं धोतर नेसून, पिवळा फेटा बांधून सुकाणूच्या चाकामागे बसला. मोटारीच्या दिव्यांना झेंडूच्या माळा. बायका ओवाळणीची ताटं घेऊन एका बाजूला, त्यांत दुर्गाबाई सर्वांत पुढे. मोटार धडधडत निघाली. म्हाताऱ्यांनी नातवंडांना खांद्यावर घेतलं. भगवंताच्या छातीत काहीतरी भरून आलं. ते काय होतं, हे त्यानं पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं.

पुढची चाकं तोरणाखाली आली आणि मोटार दोनदा खोकली आणि बंद पडली.

नत्थुजीनं खाली उतरून हँडल मारलं. पुन्हा मारलं. मागे पाटलांची जोडी, तिच्यामागे साऱ्या गावाचे बैल खोळंबले.

"बईल जुपा, ओढून काढा!" कुणीतरी ओरडलं.

"पोयाच्या दिवशी जू ठेवतं का बे बैलाच्या मानंवर? जीभ झडन तुही!"

हशा झाला. नत्थुजी पुन्हा चाकामागे जाऊन बसला, जणू बसल्यानं ती चालू होणार होती. मग गर्दीतून तो आवाज आला, जो दरवर्षी येई: "भगवंता, होऊ दे!"

भगवंतानं हात वर केला. लोक गप्प झाले.

*चार चाकांची नवरी नत्थुजीनं आनली,*
*बायकोची गोधडी तिच्या आंगावर घातली;*
*कानाशी लागून म्हने, "बोल ना वं माये,"*
*कडब्यात बसून रडे, मुकी अजून हाये!*
*बईल म्हने, "धन्या, आज आमाले सुटी,*
*जू घे तुह्या मानंवर, अन् ये आमच्या पाठी!"*

असा हशा त्या आखरावर कधी झाला नव्हता. पाटील डोळे पुसत होते. बायकांनी दुर्गाबाईकडे वळून पाहिलं. तिच्या ताटातली ज्योत हलली आणि तिनं पदरानं ती झाकली. भगवंताला मात्र एकच गोष्ट दिसली. नत्थुजीचं बोट. पहिल्या दोन ओळींना ते सवयीनं चाकावर ताल धरत होतं. तिसरीला ते थांबलं. त्यानं मान वळवून भावाकडे पाहिलं, आणि भगवंत समजला की दादाला कळलं. ही झडती आत्ता सुचलेली नाही. महिनाभर हा उंबऱ्यावर बसून विचारत होता आणि आत यमक जुळवत होता.

आठ जणांनी मोटार ढकलत बाजूला नेली. मागच्या बाजूला खांदा लावून ढकलणाऱ्यांत नत्थुजीही होता. बैल गेले. माळ्यांचे शेवटी गेले.

त्या रात्री पुरणपोळीच्या पंगतीत भगवंताची बायको शकुन म्हणाली, "अख्खं गाव नाव घेऊन रायलं तुमचं, अन् तुमी काहून तोंड पाडून बसले?" दुर्गाबाई वाढत होती. "भावजी, तूप घ्या," एवढंच म्हणाली. तिनं शिवी दिली असती तर भगवंताला घास गिळता आला असता.

दुसऱ्या दिवशी तिनं गोधडी मोटारीवरून काढली, धुतली आणि घरात नेली. नत्थुजी पहाटे मोटेवर गेला, दिवसभर निंदलं, दिवेलागणीला जेवून झोपला. ओढून घरी आणलेली मोटार अंगणात शेवग्याखाली उघडी राहिली. कोंबड्या पुन्हा तिच्यात शिरू लागल्या. भगवंत उंबऱ्यावर बसायला जाई आणि बाहेरूनच परत फिरे. काय विचारणार?

झडती मात्र चालत राहिली. पोरं ती खेळताना म्हणत. परतवाड्याच्या बाजारात एका अनोळखी तेल्यानं ती भगवंतालाच म्हणून दाखवली आणि मांडीवर थाप मारून विचारलं, "कोन्या गावच्या मानसानं रचली असन बाप्पा?" भगवंतानं मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि म्हटलं, "मले नाई माहीत."

दिवाळी झाल्यावर तो घरी काही न सांगता अकोल्याला गेला. मोर्णेला आता घोटाभर पाणी होतं. त्यानं पूल ओलांडला. गल्लीतल्या पहिल्याच दुकानात, ढिगाच्या वरच, ती तोटी होती. दुकानदारानं फुंकर मारून त्याच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी नत्थुजी गोठ्यात बैलांना सरकीची ढेप घालत होता. भगवंत आत आला, उंबऱ्यावर न बसता उभा राहिला, आणि फडक्याची पुरचुंडी पुढे केली. नत्थुजीनं हात धोतराला पुसले, गाठ सोडली. तोटी उजेडाकडे धरली. अंगठा आट्यांवरून फिरवला, एकदा, दोनदा. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तो जुना माणूस आला, बोल्ट पुसणारा.

"कुठं भेटली?"

"जुन्या शहरात." त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं. "पयल्याच दुकानात. आषाढात मी पूल वलांडलाच नव्हता, दादा. पुलावर बसून थे... थे झडती जुयवत बसलो होतो."

बैल ढेप चघळत राहिले. नत्थुजीनं वर पाहिलं नाही. भगवंत वाट बघत उभा राहिला. शिवीची, थपडेची, कशाचीही. काहीच आलं नाही, आणि त्याच्या तोंडून सात वर्षांच्या सवयीनं आपोआप निघालं,

"आज काय झालं, दादा?"

नत्थुजीनं तोटी पुन्हा फडक्यात ठेवली. होती तशीच गाठ मारली. पुरचुंडी भगवंताच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटली. मग ढेपेचं रिकामं टोपलं उचललं, दाराच्या चौकटीखाली वाकला, आणि बाहेर निघून गेला.