हेरोदाची कोठडी

केडगावात इसहाक भिंगारदिव्यांच्या हॉलमध्ये समुद्र आहे, याचं गल्लीला आता नवल राहिलेलं नाही. चार फुटांची काचेची टाकी, शुद्ध पाण्यात पिशवीतलं मीठ कालवून केलेलं खारं पाणी, दगड, पंप, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. हौस खरी त्यांच्या बायकोची, दयाबाईंची. त्यांनी पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी जोकर मासे आणले आणि नावं ठेवली अब्राहाम आणि सारा. "तुमचेच आईबाप हायेत, जपा," म्हणाल्या. बायबलातला इसहाक या दोघांचाच मुलगा, म्हणून ही थट्टा. गेल्या वर्षी दयाबाई वारल्या आणि या सासूसासऱ्यांना सांभाळायचं काम नवऱ्याच्या गळ्यात पडलं.

तिसरा मासा मात्र इसहाककाकांनी आणलेला. बोटाएवढा, निळाजर्द. नवीन टाकीचं पाणी मानवतं का ते पाहायला म्हणून त्यांनी हा काटक मासा जोकरांच्या आधी सोडला. पण अशा टाकीत जो आधी येतो तो स्वतःला मालक समजतो. दयाबाई दोन्ही टोकांना एकाच वेळी दाणे टाकायच्या, म्हणजे निळा एका टोकाला गुंतला की जोकर दुसरीकडे निवांत खायचे. काका आपले एकाच टोकाला टाकत. फेब्रुवारीत एका सकाळी निळ्याने अब्राहामाच्या शेपटीच्या चिंध्या केल्या. काका जाळी शोधून आणेपर्यंत अब्राहामाचा कारभार आटोपला होता.

त्या दिवशी काकांनी त्याचं नाव हेरोद ठेवलं, एका बाळाच्या मागे लागून गावातली सगळी बाळं मारणाऱ्या बायबलातल्या राजाचं. संडासात ओतून पाणी सोडलं असतं तर मिनिटभराचं काम. पण काकांना सूड हवा होता, आणि तो इतक्या लवकर संपायला नको होता.

मासेवाल्या हर्षलने उपाय सांगितला. "काका, भोकं पाडलेल्या डब्यात घालून त्याला आठ दिवस टाकीतच टांगा. तोवर दगडं हलवा. परत सोडला की पाहुणा हुतो, माज उतरतो. बाहेरून आरसा दावा, सोताशीच भांडू द्या. पन पाचच मिनटं हां."

काकांनी तीस वर्षं कारखान्यात लेथ मशीन चालवलेलं. डब्याला एका मापाची भोकं पाडली, डबा कोपऱ्यात टांगला आणि दयाबाईंच्या कपाटाचा आरसा काढून त्या बाजूच्या काचेला चिकटपट्टीने चिकटवला. पाच मिनिटं? "मला काय पाच मिन्टांची शिक्षा झालीय?" असं म्हणून तो त्यांनी तिथेच ठेवला.

पहिल्या दिवशी हेरोद आरशातल्या हेरोदावर तुटून पडला. काका खुर्ची टाकून बसले. बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना चहा गोड लागला. तिसऱ्या दिवशी मात्र लबाडाने आरशाकडे पाठ फिरवली आणि दाणे मटकावू लागला. काका पेटले. सारा सारखी डब्याजवळ घोटाळायची, धडका मारायची. तीही नवऱ्याचा सूड घेतेय, असं वाटून काकांना भरून यायचं.

"हाण, आई! सोडू नको!" ते ओरडायचे.

ती खाते का, हे त्यांनी पाहिलंच नाही. सुडाला बसलेल्या माणसाला एकच मासा दिसतो.

आठव्या दिवशी सकाळी सारा आरशाखालच्या वाळूत आडवी होती. तोंड सोलून पांढरं पडलेलं. हर्षल धावत आला, वाकून बघत राहिला.

"काका, ही डब्याला न्हाई धडकत हुती. आरशाला धडकत हुती. दुसरी बाई घरात घुसली असं वाटलं तिला. घर राखायला एकटीच उरलेली ना."

काकांनी आरसा ओरबाडून काढला. साराला जास्वंदीखाली पुरताना ते हमसून हमसून रडले. दयाबाईंच्या मातीच्या वेळीही ते असे रडले नव्हते.

"निळ्याला दुकानात नेऊ का?" हर्षलने विचारलं.

"नको. ऱ्हाऊ दे."

डबा उघडला. निळा बाहेर आला, साऱ्या टाकीला चक्कर मारून आला आणि मधल्या दगडावर मुक्काम ठोकला. हा मासा दहा-दहा वर्षं जगतो म्हणे. काका त्याला आता हेरोद म्हणत नाहीत. ते नाव खरं कोणाचं, हे त्यांना कळून चुकलंय. रोज सकाळी उठून ते त्याला दाणे घालतात. टाकीत एकच मासा आहे, तरी दोन्ही टोकांना घालतात.