एकाने चुकलेली उत्तरं

कौतिक गुरुजींना राग यायला कारण लागत नसे, आणि तरी त्यांच्याकडे कारणं ढीगभर होती. पारोळा आणि एरंडोलच्या मधल्या त्या गावात शाळेला खोल्या दोन, वर्ग चार आणि मास्तर दीड, कारण दुसरे मास्तर निम्मा महिना कागदपत्रं घेऊन तालुक्याला. गुरुजींनी नसबंदीच्या केसेस शोधायच्या, मतदार याद्या करायच्या, गुरं मोजायची आणि उरल्या वेळात तिसरी-चौथी एकत्र शिकवायची. "सरकारने मास्तर म्हणून घेतलं आणि गडी म्हणून वापरलं," असं ते भेटेल त्याला ऐकवत. एसटीच्या नव्या कंडक्टरलासुद्धा त्यांनी ते तिकीट घेता घेता ऐकवलं होतं. शाळेत ते शुद्ध बोलत. संताप हाताबाहेर गेला की अहिराणीवर येत, आणि मग पोरं मुकाट्याने खाली माना घालत.

सत्त्याऐंशी साली त्यांच्याकडे चौथीत झुंबर होती. आई बेबाबाई लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची. गुरुजींचा खडू फळ्यावरून उठायच्या आत झुंबरचं गणित झालेलं असे. बाकीचा वर्ग पहिली ओळ उतरवतोय आणि ही हात वर करून बसलेली. अशा मुलीचं मास्तर काय करतो? सगळे करतात तेच गुरुजींनी केलं. "झालं? आणखी दहा कर." ती दहा झाली की, "पहिलीची पोरं गोंधळ घालताहेत, जा, त्यांना सांभाळ." पोरं गप्प झाली की, "माठ भरला का?" हुशार मुलगी म्हणजे फुकटचा मास्तर आणि फुकटचा पाणक्या! गुरुजी याद्यांवर वाकलेले असत आणि पलीकडे झुंबर पहिलीकडून बाराखडी घोकून घेत असे. पुस्तकाचं पुढचं पान मात्र तिने उघडायचं नाही. वर्गाच्या पुढे पळायचं नाही, हा नियम. तो मोडला म्हणून दोनदा छडी खाल्ली होती तिने.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी एकदम मंदावली. हात वर होईना. गणितं चुकू लागली. गुरुजी आधी ओरडले, मग जवळ बसून समजावून सांगू लागले, आणि सांगूनही दुसऱ्या दिवशी ती चुकायचीच. गुरुजींच्या जिवाची तगमग होत होती, कारण शिष्यवृत्तीच्या परीक्षेची नावं पाठवायचे दिवस आले होते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातचं एकही पोर शिष्यवृत्तीला लागलं नव्हतं. यंदा लागणार, असं ते बायकोला, कुंदाबाईंना, जूनपासून सांगत होते.

नावं ठरवायला त्यांनी वर्गात दहा गणितांची चाचणी घेतली. झुंबरला दहापैकी भोपळा. गुरुजींनी तिचा पेपर तपासला नाही, फाडला म्हणावं इतक्या जोरात त्यावर दहा फुल्या मारल्या. दुसरी दोन नावं यादीत घालून यादी रवाना केली आणि बेबाबाईला निरोप धाडला, शाळेत ये.

तिसऱ्या दिवशी कापसाची ओटी कमरेला तशीच बांधलेली बेबाबाई दारात येऊन उभी राहिली. झुंबर आईच्या मागे.

"बघा आपल्या लेकीचे प्रताप!" गुरुजींनी पेपर तिच्यापुढे नाचवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचायला लागले. "सोळा नव्वे एकशे चव्वेचाळीस. हिने लिहिलं एकशे पंचेचाळीस. सदतीस आठे दोनशे शहाण्णव. हिचं उत्तर दोनशे सत्त्याण्णव. चारशे आठ भागिले बारा, चौतीस. हिचे पस्तीस!"

बेबाबाई शांतपणे ऐकत होती. रोजचा कापूस तोंडी हिशेबाने मोजून देणारी बाई ती.

"गुरुजी," ती म्हणाली, "बठ्ठामा एकच जास्ती शे ना?"

गुरुजींनी पेपर डोळ्यांजवळ नेला. चौथं गणित, एकाने जास्त. पाचवं, एकाने जास्त. दहाच्या दहा उत्तरं एकाने जास्त. एकाने नेमकं चुकायचं तर आधी नेमकं बरोबर यावं लागतं, हे त्यांना कळलं आणि कानशिलं तापली.

"मुद्दाम चुकवलंस? काब्र व?" कारण विचारता विचारता ते अहिराणीवर आले होते. "माले येडा समजस का?"

झुंबर घाबरली, पण पळाली नाही.

"बरोबर उनं की तुम्ही आखो दहा देतस," ती म्हणाली. "नही ते पोरं सांभाळाले धाडतस. चुकनं की तुम्ही जोडे बठीसन समजाडतस."

गुरुजींचा छडीचा हात टेबलावर होता, तो तिथेच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. सरकारवर काढता येत नव्हता. याद्यांवर काढता येत नव्हता. चार वर्षं एका मुलीला शाळेत काहीच नवीन मिळालं नव्हतं, आणि मास्तर जवळ बसावा म्हणून तिला ढ व्हावं लागलं होतं. स्वतःची त्यांना अशी चीड आली की समोर बेबाबाई नसती तर त्यांनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली असती.

त्याच दुपारी ते सायकल हाणत तालुक्याला गेले. पेपर तिथल्या शिक्षण खात्याच्या साहेबांच्या टेबलावर आपटून म्हणाले, एक नाव राहिलंय, घाला.

"यादी जिल्ह्याला गेली," साहेब म्हणाले. "आणि हिला तर शून्य आहे."

"शून्य नाही साहेब, दहा आहेत. नीट बघा."

साहेबांनी नीट बघितलं नाही. पण माणूस वाईट नव्हता, त्यांनी सल्ला दिला. "एवढी हुशार आहे ना? मग यंदा चौथीत नापास करा. पुढच्या वर्षी परीक्षेला बसवा. पेपर तर तुमच्याकडे तयारच आहे."

गुरुजी इतके ओरडले की बाहेरचा शिपाई आत धावत आला. "हुशार म्हणून नापास करू? हेच राहिलंय आता! याच्यापुढे तुमच्या गुरांच्या याद्या तुम्ही करा, मला पोरं आहेत!" तिथून ते निघाले ते रस्ताभर बडबडतच. साहेबांना शिव्या देत होते, पण अर्ध्या वाटेनंतर शिव्या स्वतःलाच होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मतदार याद्या कपाटात कोंबल्या आणि माठ भरायची पाळी सगळ्या वर्गाला लावली. फळ्यावर पाच गणितं घातली. झुंबरने पूर्वीसारखी सगळ्यांच्या आधी पाटी पुढे केली, पाचही बरोबर. गुरुजी उठले आणि चुकणाऱ्या पोरांना ओलांडून तिच्याजवळ सतरंजीवर येऊन बसले. ती थोडी सरकली.

"आते काय सांगशात?" तिने विचारलं.

गुरुजींनी थोरल्या मुलाचं, लीलाधरचं, आठवीचं बीजगणित आणलं होतं. त्यांनी पान उघडलं, पहिलं उदाहरण तिला समजावलं. तिला ते कळलं. दुसरं कळलं. तिसरं तिने त्यांच्या आधी सोडवलं. चौथ्यावर गुरुजी अडले. त्यांनी मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं, कपाळावरचा घाम पुसला. बावीस वर्षांत फळ्यापुढे त्यांनी कधी कबूल केली नव्हती ती गोष्ट ते मुलीच्या कानापाशी हळू बोलले.

"थांब जरासं. हाई माले बी शिकनं पडी."

ती थांबली. थांबायची तिला चार वर्षांची सवय होती.