मीठ की कापूर?

कापूरबाई जिन्यात असतानाच वर आम्हाला कळायचे. आधी त्यांचा आवाज यायचा, मग कापराचा वास आणि सगळ्यात शेवटी बाई. कोल्हापुरात आमच्या रसायनशास्त्र विभागात त्या संगणकावर स्फटिकांची गणिते करवून घेत. माहेर-सासर दोन्ही जैन व्यापाऱ्यांचे. पेठ वडगावात सासरचे किराणा दुकान, तिथून खडेमीठ आणि कापूर पर्समध्ये टाकूनच त्या शिकवायला येत.

नव्या विद्यार्थ्याला त्या संगणकाला हात लावू देत नसत. त्याच्या टेबलावर मिठाचा एक खडा आणि कापराची एक वडी ठेवायची, आणि आठवडाभर नुसते बघत बसायचे. मिठाचा खडा जागच्या जागी राही, कापूर मात्र निम्मा उडून गेलेला असे. मग बाई गरजत, "मिठातले आयन एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसल्यात. कापराचे रेणू नुसते शेजारी टेकल्यात, वारं लागलं की चालले. मग दोघांस्नी एकच पद्धत लावशील व्हय? कोण कुणाला धरून हाय ते आधी बघ की!"

इलेक्ट्रॉनांचा हिशेब करायच्या पद्धती ढीगभर आहेत. कुठली स्वस्त, कुठली महाग, आणि प्रत्येकीची काही ना काही खोड. मी काजूच्या आजऱ्याहून नवीन आलेली, उत्साहाने साध्या मिठालाच सगळ्यात महागडी पद्धत लावायला निघाले. बाई म्हणाल्या, "आजऱ्याची न्हवं तू? काजू फोडायला घण घेत्यात का तुमच्यात?" सगळी लॅब हसली. मी महिनाभर ‘घणाबाई’ झाले.

पीएचडीला मला जो स्फटिक मिळाला, त्यात एक आम्ल आणि एक अल्कली शेजारी शेजारी होते. प्रश्न एवढाच, की आम्लाचा हायड्रोजन उडी मारून अल्कलीकडे गेला आहे का? गेला असेल तर दोन आयन झाले, म्हणजे मीठ. नसेल तर दोन रेणू, म्हणजे कापूर. रेणूंमधल्या हलक्या ओढीची भर घालून मी नेहमीची स्वस्त पद्धत चालवली. उत्तर आले, मीठ. कामाच्या आढाव्याला बाहेरून आलेल्या बड्या परीक्षकांनी मान डोलावली. मी खूश.

बाईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "ही पद्धत लई उदार हाय गं. इलेक्ट्रॉन सगळीकडं सांडत सुटती, हायड्रोजनलाबी उडी मारायला लावती. तिला मीठच दिसणार. आता आण तुझा घण!" महागड्या पद्धतीने आमच्या म्हाताऱ्या मशीनला धाप लागली. बाईंनी आरडाओरडा करून इतरांच्या पाळ्या माझ्यासाठी मागून घेतल्या. उत्तर आले, कापूर. हायड्रोजन घर सोडून गेलाच नव्हता.

नवे उत्तर बघून त्याच परीक्षकांनी कळवले, असले उत्तर कुणालाच आलेले नाही, बदला, नाहीतर प्रबंध परत जाईल. घरी सगळे पदवीची वाट बघत होते. बदलू का, असे मी बाईंना विचारलेसुद्धा. त्या उसळल्या, "बदलायचं न्हाई! हायड्रोजन कुठं हाय ते हायड्रोजनलाच विचारू." क्ष-किरणांना हायड्रोजन नीट दिसत नाही, न्यूट्रॉनना दिसतो. तशी सोय असलेल्या परदेशी केंद्राकडे बाईंनी आमचे स्फटिक पाठवले आणि स्वतः निवांत राहिल्या. मला मात्र अन्न गोड लागेना.

मोजमाप आले ते तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी पडद्यावर ते दाखवले. हायड्रोजन आम्लापाशीच होता, अगदी आमच्या गणिताने सांगितला तिथे. बाई उठल्या, परीक्षकांसमोर मीठ आणि कापूर ठेवला आणि म्हणाल्या, "पावणं, उचला एक."

परीक्षक दिलदार निघाले. मोठ्याने हसले आणि त्यांनी कापूर उचलला. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, मागून कुणीतरी शिट्टी ठोकली! मी रडत होते आणि हसतही होते.

बाई आता निवृत्त होऊन वडगावच्या दुकानात बसतात. त्यांच्या खोलीत आज मी शिकवते, आणि नव्या पोरांसाठीचे मीठ नि कापूर त्यांच्याकडूनच आणते. गिऱ्हाइकांच्या गर्दीतही मला बघताच त्या ओरडतात, "काय गं घणाबाई, कोण कुणाला धरून हाय?"

परवा मी म्हटले, "तुम्ही मला, बाई."

त्यांनी तराजू पुढे ओढून मीठ तोलायला घेतले. म्हणाल्या, "बास बास. पिशवी आणलीस का?"