दिनकररावांना घाम येत नसे

पारूवहिनी माणसाच्या आधी त्याच्या सदऱ्याशी ओळख करून घेत. लग्न होऊन मी भोंगवलीहून भोरला आले, त्याच आठवड्यात नीरेच्या घाटावर त्यांची-माझी पहिली गाठ पडली. मी मास्तरांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, सदरा पाण्यात बुडवणार तेवढ्यात शेजारच्या धोंड्यावरच्या बाईने तो माझ्या हातातून काढून घेतला, उलटा केला आणि काखेकडचा भाग सरळ नाकाला लावला. मी लाजेने अर्धी झाले.

"मास्तर कुणाला तरी भितात, व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"नवे हेडमास्तर आलेत," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तरीच. कष्टाचा घाम खारट, भ्याल्याचा आंबूस. ताकात भिजव आधी. आन ह्ये बघ, गरम पाण्यात घालशील तर डाग जल्माचा बसंल. घामाला आधी गार पाणी."

उंच, सावळ्या, हाडापेराने मजबूत अशा त्या बाई आमच्याच भिंतीला भिंत लागून राहत होत्या, हे मला घरी परतताना कळलं. माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याची एक वाडी. बापाची नाचणी-वरईची डोंगरउतारावरची शेती. नवरा दिनकरराव मूळचे उत्रोलीचे, इयत्ता सातवी पास होऊन संस्थानच्या कचेरीत कारकून झालेले. मुलगा कारकून व्हायच्या आधी ठरलेली ही सोयरीक होती, आणि ती मोडता आली नाही याचा राग दिनकररावांनी पुढे कधीच लपवला नाही.

दिनकररावांचा पांढरा कोट साऱ्या भोरात प्रसिद्ध होता. चैत्र-वैशाखात कचेरीतले बाकीचे कारकून दुपारपर्यंत पाठीला चिकटलेल्या कपड्यांनी वावरायचे. हे मात्र सकाळी निघाले तसेच संध्याकाळी परत. डाग नाही, वास नाही. एकदा शाळेच्या बक्षीस समारंभाला मांडवात सगळी माणसं घामाने निथळत होती आणि दिनकरराव हात वर करकरून लोकांना जागा दाखवत होते. मास्तरांनी कौतुकाने विचारलं तर म्हणाले, "आमचा कोठाच थंड आहे. आमच्या घराण्यात कुणाला घाम येत नाही." आणि गावाने ते खरं मानलं.

खरं काय ते मला घाटावर दिसत असे. दिनकररावांना इतरांपेक्षा अंमळ जास्तच घाम येई. पारूवहिनी जुन्या मऊ धोतराच्या अर्धचंद्रासारख्या घड्या कापून त्यांच्या कोटाच्या आतून, काखेत, लांब टाक्यांनी टाचत. संध्याकाळी कोट खुंटीला लागला की टाके उसवून त्या घड्या काढायच्या आणि दुसऱ्या दिवशीसाठी कोरड्या लावायच्या. कोट धुवायला निघाला की आधी गार पाणी, मग आंबट ताक, तरी पिवळं राहिलं तर लिंबू आणि मीठ चोळून दगडावर उन्हात. त्यानंतर रिठा आणि सगळ्यात शेवटी नीळ. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्रीला हात नाही.

"त्यांना ठावं हाय का, तुम्ही एवढं करता ते?" मी एकदा विचारलं.

"अस्तर हाय एवढं ठावं. सगळ्याच कोटांना आसतं आसं वाटतं त्यास्नी."

"मग सांगा की."

"काय सांगू? तुमाला घाम येतो म्हनून? मारतील."

घाम फक्त पारूवहिनींना येतो, अशी त्या घराची समजूत होती. "वेल्ह्याचं रान आणलंय घरात," दिनकरराव पाहुण्यांदेखत म्हणत. वाढायला त्या पुढे झाल्या की धोतराचा सोगा नाकाशी धरत. लोक हसायचे. काही बायकाही. वास्तविक पारूवहिनींच्या अंगाला कसला वास म्हणून नव्हता. सकाळी अंघोळ झाल्याबरोबर त्या ओल्या तुरटीचा खडा दोन्ही काखांत फिरवत. दुपारी पुन्हा, आणि दिवेलागणीला परत एकदा. संक्रांतीच्या सुमाराला त्या हात वर करून उतरंडीवरचं मडकं काढत असताना त्यांची चोळी काखेत उसवलेली मला दिसली. आतली कातडी सोलवटून लाल झाली होती, चिरांमधून पाणी येत होतं.

"अहो वहिनी, हे काय करून घेतलंत?"

त्यांनी हात झटकन खाली घेतला. "वास जात न्हाई म्हनत्यात."

"वास नाहीच आहे तर जाईल कसा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलून गेले आहे. मग म्हणाल्या, "मास्तरीण, नवऱ्याच्या नाकाला आला म्हंजी आला."

मी खोबरेल तेल आणून लावलं. चार दिवसांनी तुरटी पुन्हा सुरू झाली.

पारूवहिनींच्या लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली तरी पदरी मूल नव्हतं. दिनकररावांनी दुसरं लग्न करायचं ठरवलं. त्या काळी मूल नाही एवढं कारण कुणालाही पुरलं असतं, पण दिनकररावांनी तेही सांगितलं नाही. कारण मूल का नाही हा प्रश्न मग त्यांच्याकडेही वळला असता. त्यांनी गावात सांगितलं, "जवळ बसवत नाही हो. घामाचा दर्प येतो. माणसाने किती सोसायचं?" वरव्याची चंद्रा घरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. लग्नाचा स्वयंपाक पारूवहिनींनी केला. माप ओलांडून चंद्रा आत आली आणि पहिल्यांदा त्यांच्याच पाया पडली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ऊठ पोरी. तुजा काय गुना?"

दुसऱ्याच दिवशी दिनकररावांनी फर्मावलं, की आपल्या कपड्यांना यापुढे फक्त चंद्रा हात लावील. पारूच्या हाताचा वास कपड्यांना लागतो. चंद्राला बिचारीला धुण्यातलं शेतावरच्या धडुत्यांपलीकडे काही कळत नव्हतं. ती कोट घेऊन घाटावर यायची, पारूवहिनी तिच्या हातातून तो काढून घ्यायच्या, आणि धुऊन झाल्यावर चंद्रा तो खांद्यावर टाकून घरी न्यायची. दिनकरराव म्हणायचे, "बघा, नव्या हाताने कोट कसा उजळला!" आम्ही तिघी घाटावर त्याचं हसायचो. पारूवहिनींना तसं मोकळं हसताना मी त्याच काळात पाहिलं.

ते टिकलं नाही. चैत्राच्या हळदीकुंकवाला एका घरी आम्ही गेलो होतो. तिथल्या बाईने पारूवहिनींना दाराजवळच बसायला सांगितलं. "इथे वारा आहे, बरं पडेल," असं म्हणाली, पण म्हणताना शेजारणीकडे पाहून हसली. पारूवहिनी बसल्या नाहीत. ओटी न घेताच उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी कचेरीला सुट्टी होती, दिनकरराव उत्रोलीला गेले होते, आणि त्या घाटावर आल्या नाहीत. मी परसात डोकावले तर चुलीवर तांब्याचं पातेलं रटरटत होतं आणि दिनकररावांचे दोन्ही कोट त्यात सोडा घालून शिजत होते. घामाचे, न धुतलेले.

"वहिनी, गरम पाणी?"

"व्हय."

"डाग बसेल ना!"

"बसू दे. गावाला बी बगू दे, कुनाला घाम येतो त्ये."

वाळल्यावर त्यांनी कोटांवरून निखाऱ्यांची इस्त्री दाबून फिरवली. आतल्या घड्या टाचल्या नाहीत. आणि कोट तसेच पेटीत ठेवून झाकण लावलं.

ते युद्धाचे दिवस होते. कापड मिळत नव्हतं, नवा कोट शिवणं कारकुनाच्या हातातलं राहिलं नव्हतं. आठवड्याभरात दोन्ही कोटांच्या काखांत हळदीसारखी पिवळी वर्तुळं दिसू लागली आणि उन्हाळ्याबरोबर ती तांबूस होत गेली. एके दिवशी कचेरीत वरचे अधिकारी आले असताना दिनकररावांनी फडताळावरचं दप्तर काढायला हात वर केला. मागून कुणीतरी म्हणालं, "काय दिनकरराव, कोठा तापला वाटतं?" सगळी कचेरी हसली. साहेबही हसले. मास्तरांच्या एका मित्राने हे आम्हाला त्याच दुपारी येऊन सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला.

संध्याकाळी दिनकरराव घरी आले. भिंतीपलीकडून आधी त्यांचा आवाज आला, मग चंद्राची किंकाळी. मी आणि मास्तर धावत गेलो. त्यांनी कोट चंद्राच्या तोंडावर फेकला होता आणि तिचा उजवा हात पिरगाळून धरला होता. "कोटाची वाट लावलीस! धुता येत नाही तुला?" हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली काटकी मोडावी तसा.

पारूवहिनी मध्ये पडल्या. "तिला सोडा! म्या केलंय. कोट म्या उकळलं. मुद्दाम उकळलं!"

दिनकरराव थांबले. त्यांच्याकडे पाहिलं आणि चक्क हसले. "तू? तू कधी हात तरी लावतेस का माझ्या कोटाला? सवतीला वाचवायला निघालीय!"

"इतकी वर्सं म्याच धुतल्याती. काखंत घड्या लावत हुते म्या. तुमाला घाम येतो! सगळ्यांपरास जास्ती येतो!"

"वेड लागलंय हिला," दिनकरराव मास्तरांना म्हणाले. "आमच्या घराण्यात कुणाला घाम येत नाही. ही धुण्याची खराबी आहे."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा त्यावर खरोखरच विश्वास होता. पारूवहिनींनी तो आपल्या हातांनी इतका स्वच्छ ठेवला होता, की त्याला आता कशाचाच डाग पडणार नव्हता. चंद्राने सगळं ठाऊक असूनही त्यांचं नाव घेतलं नाही. नुसती हात पोटाशी धरून बसून राहिली.

हाडवैद्याने बांबूच्या काड्या बांधल्या. हात जुळला, पण मनगट थोडं वाकडंच राहिलं. त्यानंतर पारूवहिनींनी चंद्राला शिकवायला घेतलं. मायेने शिकवणं ते नव्हतं. त्या दात-ओठ खाऊन शिकवत.

"डाव्या हातानं चोळ. दगडावर आपटू नगंस, सूत मरतं. ताक आंबलंय का बघ आधी. टाका लांब घाल, उसवताना कापड फाटाय नगं."

"अक्का, दुखतंय."

"दुखू दे. शीक. न्हाई शिकलीस तर दुसरा हात मोडंल त्यो."

जुन्या कोटांवरचे ते डाग कुणालाच काढता आले नाहीत. दिनकररावांनी कुणाकडून तरी वशिल्याने कापड मिळवलं, आणि नव्या कोटावर चंद्राचा हात बसला. दिवाळीपर्यंत भोरात पुन्हा तेच बोललं जाऊ लागलं, की दिनकररावांना घाम येत नाही. आणि दिवाळी झाल्यावर त्यांनी पारूवहिनींना सांगितलं, की आता घरात दोन बायकांचं काम उरलेलं नाही.

त्या निघाल्या त्या दिवशी मी नसरापूरच्या मोटारीपर्यंत पोचवायला गेले. पुढे वेल्ह्याची वाट बैलगाडीने आणि पायी. चंद्राला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. पारूवहिनींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "माझं शिकवनं मलाच नडलं. त्या पोरीकडं बघ."

दोन वर्षांनी मास्तरांची बदली वेल्ह्याच्या बाजूच्या एका शाळेवर झाली आणि मी मुद्दाम त्यांच्या वाडीवर गेले. भावाच्या घरी गोठ्यालगतच्या पडवीत त्या राहत होत्या. भावजय वाईट नव्हती, पण ताट वेगळं होतं. त्या खूप वाळल्या होत्या, खोकत होत्या. गडावरून उतरणारं ऊन अंगणात होतं, तिथे आम्ही बसलो.

"चंद्रीला मारतो का अजून?" त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही हो," मी म्हणाले.

"मास्तरीण, तुला खोटं बोलाय येत न्हाई." मग समोरच्या खाचरांकडे पाहत म्हणाल्या, "म्या तिला डाग काढाय शिकवलं. तितनं निगायला शिकवाय पायजे हुतं. हात बरा झाल्यावर तिला घिऊनच म्या निगाय हवं हुतं. सुचलं न्हाई बग. धुन्याबिगर काय सुचायचंच न्हाई मला."

त्याच पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत त्या गेल्या. भोरला निरोप गेला होता. दिनकरराव आले नाहीत.

आमची पुन्हा भोरला बदली झाली तेव्हा चंद्रा घाटावरच भेटली. तिला एव्हाना दोन मुली झाल्या होत्या. कपाळाच्या कडेला जुनी खोक दिसत होती. मी तिला पारूवहिनींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. माझा मनातला हेतू काय होता कोण जाणे. तिला धीर यावा असं वाटलं असेल.

तिने हातातलं काम थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग मान वर करून अगदी साधेपणाने विचारलं, "निगून कुठं जायचं, वहिनी? अक्का गेली हुती तितंच ना?"