सांभारमामांचे पेढे

घरात संडास बांधून झाला तरी सांभारमामा पहाटे मळ्याच्या धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, जात. “चार भिंतीत मले कोंडल्यावानी होते गा, भाऊ,” असं मला सांगत. कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावकडे सांभार म्हणतात. मामा ती पिकवून बाजारात विकत, म्हणून हे नाव. त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून.

मागच्या पावसाळ्यात त्यांचा पाय मुरगळला आणि नाइलाजाने घरातला संडास वापरावा लागला. पांढऱ्या भांड्यात सकाळची लघवी कोऱ्या चहासारखी दिसली. मामांनी ठरवलं, नव्या बोरचं पाणी गंजलं. बोरवाल्याला शिव्या देऊन झाल्या, पाइप उपसून झाला. शेवटी मामी म्हणाल्या, “पाणी गंजलं तं मायी बादली साफ कशी? तुमचंच काहून काळं होऊन राह्यलं, अन् तेबी सकाळीच?”

मी त्यांना नागपूरला नेलं. हिमोग्लोबिन सहा निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, आजार दुर्मिळ आहे, जन्मापासूनचा नाही, मागाहून जडलेला. रक्तातल्या तांबड्या पेशी आपोआप फुटतात, आणि त्यांचा रंग लघवीतून जाता जाता मूत्रपिंडं खराब करतो. हे किती वर्षं चाललं होतं, कुणालाच सांगता येईना. धुऱ्यावरच्या काळ्या मातीत तो रंग कधी दिसलाच नव्हता.

रक्त चढवलं, औषध सुरू झालं. तेवढ्यात ताप आला, पेशी भराभर फुटल्या आणि लघवीच बंद झाली. मूत्रपिंडं थांबली, क्रिएटिनिन आठवर गेलं, डायलिसिस लागलं. मामांनी डॉक्टरांना विचारलं, “साहेब, मोटर जळाली का नुसती लाइन गेली? खरं सांगजा.”

“लाइन गेली असावी. पण वाट पाहावी लागेल.”

“पाहू. आमाले लाइनची वाट पाह्याची आदत हाय.”

मामी मापाचं भांडं घेऊन खाटेशी बसून राहत. एका दुपारी त्यात तळ झाकण्यापुरती लघवी आली. मामींनी ते भांडं मला देवाच्या तीर्थासारखं दोन्ही हातांनी दाखवलं. पुढे ती वाढत गेली, क्रिएटिनिन उतरलं आणि डायलिसिस थांबलं.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं, आजार गेलेला नाही; औषध चुकवायचं नाही, ताप आला की थेट दवाखाना. मामांनी मान डोलावली आणि मला पेढे आणायला पाठवलं. शेजारच्या खाटेवरच्या आजीने विचारलं, “नातू झाला का जी?”

“नाई व माय, मले लघवी झाली!”

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरांनीही पेढा घेतला, मोडला आणि अर्धा मामांच्या तळहातावर ठेवला. “पथ्यात एवढाच बसतो,” ते म्हणाले.