गावचा माणूस म्हणजे कोण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा तोंड उघडलं — आणि मग भलतंच बोललो. गॅस संपत आलाय, असलं काहीतरी. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

बहिणीबद्दल आहे. थोरली बहीण, आम्ही तिला बाय म्हणतो. आई लवकर गेली, शेजारच्या घरातल्या काकीने आम्हा दोघांना वाढवलं. बाय लग्न होऊन कुडाळला गेली. मी इथेच, मालवणजवळच्या गावात राहिलो. नोकरी ओरोसला, कचेरीत. रोज नियमांच्या भाषेत लिहायचं — हात त्यावर बसलेला. तोच हात पुढे वापरला.

लॉकडाऊनमध्ये बायने कुडाळात बसून गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. कोणाच्या गोळ्या संपल्या, कोण मुंबईत अडकलंय, कोणाला दवाखान्यात न्यायला गाडी हवी — सगळं ती जुळवून द्यायची. लॉकडाऊन संपला, ग्रुप राहिला. जत्रेचं, पाण्याचं, रस्त्याचं सगळं तिथेच ठरू लागलं. मग कमिटी झाली, मी सचिव झालो. पण लोक विचारायचे तिलाच. 'बाय, तुका काय वाटता?' सचिव मी — आणि विचारणार तिला?

एकदा मी ग्रुपवर गावाचा इतिहास लिहिला. त्यात लिहिलं, देवळाकडची विहीर आमच्या आजोबांनी बांधली. खाली बायचं उत्तर आलं, "बाबू, खोटां लिवू नको. ती बाव सगळ्या वाडयेन मिळान खणलेली." पुढे हसरा चेहरा. तिच्या मनात काही नव्हतं हो. आणि खरंच होतं ते. पण बाबू? सगळ्या गावासमोर बाबू? लोक दिवसभर हसत होते. मी फोन उपडा घालून ठेवला.

त्याच सुमारास जमिनीचे दलाल ग्रुपमध्ये शिरू लागले. आमच्या नियमावलीत एवढंच होतं — 'गावचा कोणीही माणूस सदस्य होऊ शकतो.' आता गावचा म्हणजे कोण, ते स्पष्ट करा, असं लोक म्हणू लागले. रास्तच होतं. लिहायचं काम माझ्याकडे आलं. दलालांना बाहेर ठेवायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्याच्या खाली आणखी एक लिहिलं — 'लग्नानंतर बाहेरगावी स्थायिक झालेल्या मुली सदस्य समजल्या जाणार नाहीत.'

कोणी मागितलं होतं ते? कोणीच नाही. मुंबईत जन्मलेले, गणपतीपुरते गावात येणारे मुलगे सदस्य राहिले. त्यांच्याबद्दल मला काही स्पष्ट करावंसं वाटलं नाही.

बैठकीत अध्यक्ष तात्या थबकले. "अरे, मगे तुझी बाय?"

"नियम सगळ्यांका सारखो, तात्या," मी म्हटलं.

आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. सख्ख्या बहिणीलाही सवलत देत नाही, म्हणून! मी ते कौतुक घेतलं. चहाबरोबर घेतलं.

नव्या नियमांप्रमाणे नवा ग्रुप निघाला. बाय जुन्यातच राहिली. तिथे ती रोज काहीतरी लिहायची, विचारायची — कोणी उत्तर देत नव्हतं. शेवटी तिचा फोन आला. "बाबू, ग्रुपात कोणच बोलणा नाय रे. काय झाला?"

खरं सांगण्याची ती वेळ होती. मी काय सांगितलं?

"कमिटीन नवीन नियम केल्यान गो. भायर दिलेल्या चेडवांका घेवचा नाय म्हणतत. मी एकटोच नको म्हणत होतंय."

ती म्हणाली, "जाऊं दे रे. तू कित्याक जीवाक लावन घेतंस? जेवलंस मां?"

तिने माझी समजूत घातली. कळतंय ना तुम्हाला? माझी.

इथवरच असतं, तर कदाचित मी स्वतःला क्षुद्र म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढे काकी गेली. पहाटे गेली. चुलतभावाने नव्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांना कळलं. बायलाही कळलं असणार, असं घरातल्यांना वाटलं. ती त्या ग्रुपात नाही, याची मला मात्र आठवण होती. घरापुढच्या खळ्यात माणसं जमत होती, फोन माझ्या खिशात होता. पण तात्यांसकट अख्खी कमिटी तिथे बसलेली — बाय आली, रडता रडता कोणाला काही बोलली, आणि ते वाक्य माझंच, असं कोणी सांगून टाकलं तर? मी फोन खिशातच ठेवला. काकीला नेईपर्यंत ठेवला.

बायला कुडाळच्या बाजारात, आमच्या गावच्या एका बाईकडून कळलं. ती पोहोचली तेव्हा आम्ही स्मशानातून परत येऊन आंघोळी करून बसलो होतो. ती काकीच्या रिकाम्या खाटेजवळ उभी राहिली. "माका कोणी सांगूक नाय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, गडबडीत राहिलं, ग्रुपवर टाकलेलं. "व्हय," ती म्हणाली. "मी ग्रुपात नाय मां." रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर!

अलीकडे कमिटीत तरुण पोरं आली. त्यांनी माझं वाक्य एका बैठकीत काढून टाकलं. कोणी विरोध केला नाही, मीही नाही. त्याच संध्याकाळी बायला नव्या ग्रुपमध्ये घेतलं. तिने आल्या आल्या लिहिलं —

"माझो गाव माका परत गावलो. माझ्या भावान माझ्यासाठी पयल्यापासून सगळ्यांशी वाद घातल्यान. तेचे उपकार मी इसारचंय नाय."

तात्यांनी ते वाचलं. मी नियम मांडला त्या बैठकीतल्या सगळ्यांनीच वाचलं. एकानेही काही लिहिलं नाही.

मी खाली जोडलेले हात टाकले. तिने त्यावर लगेच एक लाल बदाम दिला.